अ‍ॅम्ब्युलन्सच्या पुढे

दहा किलोमीटर चालण्याच्या स्पर्धेत मी पहिल्यांदाच उतरले आणि अर्ध्या वाटेतच सगळ्यांच्या मागे पडले. माझ्यामागे उरली फक्त अ‍ॅम्ब्युलन्स, माझ्याच चालीने येणारी. मला फार ओशाळल्यासारखं झालं. थांबून ड्रायव्हरला म्हणाले, "माझ्यामुळे तुम्ही अडकलात. बसू का आत?"

"पाय दुखतायत का, काकू?"

"नाही."

"मग चाला की. एरवी मी नुसती गाडी पळवतो, आजूबाजूला बघायची सोय नसते. आज तळ्यावरचे बगळे दिसले."

मीही वळून पाहिलं. माझं हळू चालणं कुणाच्या विसाव्याचं असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं. मग तो खिडकीतून आणि मी रस्त्यावरून, असे गप्पा मारत निघालो. शेवटची कमान दिसली तेव्हा वाटलं, अजून थोडा रस्ता असता तर बरं झालं असतं.