आईला हाकलं तेव्हा

पार्किन्सन्स झाल्यापासून आई लष्करी छावणीजवळच्या केअर सेंटरमध्ये राहते. दार आलं की तिचे पाय जमिनीला चिकटतात. परवा जेवणघराच्या दारात ती अशीच अडकली आणि मागं सगळ्या म्हाताऱ्यांची रांग खोळंबली.

"आजी, उजवा पाय उचला," सिस्टर म्हणाल्या. पाय हलेना.

लहानपणी मी आईबरोबर मेंढरं राखायचे. काय सुचलं कोण जाणे, मी मागून ओरडले, "हुर्रर्र! हुर्रर्र!"

आई खुदकन हसली आणि तिचा पाय सुटला. "मला मेंढरू समजती व्हय गं?" म्हणत ती थेट टेबलापर्यंत चालत गेली.

मागचे एक रिटायर मास्तर काठी टेकत म्हणाले, "आता मला बी हाका!"

मग काय, हसून हसून पोट दुखेपर्यंत मी अख्खा कळप जेवायला नेला.