डावीकडे कललेली मान

छापखान्यात त्याला सगळे 'ओळंबा' म्हणत. भिंत सरळ उभी राहते आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंडी वजन बांधलेला दोरा खाली सोडतो, तो ओळंबा. भिंतीवरचे कॅलेंडर किंचित झुकलेले दिसले, की हा हातातले काम टाकून उठे आणि ते सरळ करी. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, तरी तिथल्या तसबिरी नीट केल्याखेरीज पाण्याच्या पेल्याला हात लावीत नसे. चौतीस वर्षे त्याने एकच काम केले होते: कागदावरची मांडणी. औषधांची वेष्टने, दुकानांच्या पाट्या, प्रगतिपुस्तकांची मुखपृष्ठे, निवडणुकीची पत्रके. रेषा, आकार, रंग, पोत आणि मोकळी जागा, एवढेच जिन्नस. त्यांतून जग उभे करायचे, असे तो म्हणे. "ही जागा रिकामी का सोडली?" असे गिऱ्हाइकाने विचारले, तर "साहेब, घराला दारं असतात, तीही रिकामीच असतात," हे त्याचे ठरलेले उत्तर.

त्या गुरुवारी त्याच्या टेबलाशी बसलेले गिऱ्हाईक म्हणजे त्याची सख्खी वहिनी होती, आणि करायचा होता तो दादा हरवल्याचा फलक.

दादा म्हणजे थोरला भाऊ. वय एकाहत्तर, पेशाने घड्याळजी. गेल्या दोन वर्षांत त्याची आठवण झिरपत चालली होती. आधी माणसांची नावे गेली, मग ओळखीच्या गल्ल्या. मंगळवारी सकाळी पावणेसातला वहिनी अंघोळीला गेली आणि बाहेर येऊन पाहते तो दार सताड उघडे. दादाचा पत्ता नाही. साखरेच्या गोळ्यांची डबी मात्र खिडकीत जागच्या जागी. पोलिसांत नोंद झाली, नातलगांना फोन झाले, इस्पितळे पालथी घातली. "गोळ्यांवाचून आठवडाभर निघाला तर नशीब समजा," असे डॉक्टरांनी तोंडावर सांगितले होते. त्यातले दोन दिवस सरले होते.

वहिनीने दोन्ही बाजूंनी लिहून भरलेला कागद पुढे सरकवला.

"भाऊजी, हे सगळं आलं पाहिजे. एक शब्द गाळायचा नाही."

ओळंब्याने ओळी मोजल्या. एकतीस. उंची, करडा स्वेटर, कोपरावर ठिगळ, डोळ्याला भिंग लावून लावून पडलेला वळ, मान डावीकडे कलते, गोड देऊ नये, अंगावर ओरडू नये, किती वाजले म्हणून विचारतील तर खरी वेळ सांगावी.

"वहिनी, एवढं कोण वाचणार? माणूस भिंतीजवळून चालत जातो, थांबत नाही. तीन सेकंद मिळतात आपल्याला. सगळंच ओरडून सांगितलं, तर त्यातलं काहीच ऐकू जात नाही."

"तीन सेकंद! पंचेचाळीस वर्षं काढली मी त्यांच्याबरोबर. ती तुमच्या तीन सेकंदांत कोंबू?"

"कोंबावीच लागतील."

तो एकेक ओळ खोडू लागला आणि वहिनी प्रत्येक ओळीपाशी अडून बसली. स्वेटर गेला; थंडी वाढली तर कोणी दुसरे काही घालायला दिले असेल. ठिगळ गेले. वळ गेला. गोडाची ओळ गेली तेव्हा तिने पदराने डोळे टिपले.

"मानेचं तरी राहू द्या," ती म्हणाली.

"ते फोटोत दिसेलच की. जे चित्र सांगतं, ते शब्दांनी पुन्हा सांगायचं नसतं."

शेवटी चार ओळी उरल्या: हरवले आहेत, वय, कधीपासून, आणि फोन नंबर.

फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता, शेजाऱ्यांच्या कुठल्याशा समारंभात काढलेला. दादा चार माणसांत उभा होता. ओळंब्याने ती चार माणसे काढून टाकली, मागचा पडदा पुसला, चेहरा मोठा केला. पिवळी पार्श्वभूमी, काळी अक्षरे. दुरूनही नजर खेचणारा विरोध. चेहरा बरोबर मध्यावर, दोन्ही बाजूंना सारखी जागा. मग त्याचा हात सवयीने चालला. ओळखपत्राला, प्रगतिपुस्तकाला, निवडणुकीच्या पत्रकाला जसा चालत आला होता, तसाच. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याने दोन्ही डोळ्यांखालून एक आडवी रेषा ओढली आणि डोळे त्या रेषेवर येईपर्यंत चेहरा फिरवला. सात अंश. आपण काय केले, हे विचारले असते तर त्याला सांगताही आले नसते.

वहिनी पडद्याकडे पाहत राहिली. "हे जरा वेगळेच दिसतात हो."

"मागची माणसं काढली ना, म्हणून."

यंत्रावरचा छपाईवाला पहिला कागद हातात धरून आला. जिभेला हाड नसलेला, पण मनाने वाईट नव्हे. "ओळंबेसाहेब, दादा तर निवडणुकीला उभे राहिल्यासारखे दिसतायत. माझं मत यांनाच!" म्हणाला, आणि वहिनी बसलेली दिसताच जीभ चावून यंत्राकडे पळाला.

चारशे प्रती निघाल्या. शुक्रवारी उजाडायच्या आत ओळंबा बसस्थानकावर होता. फलाटाच्या खांबावर, बाकाच्या अगदी वर, त्याने फलक डकवला. चार पावले मागे येऊन पाहिले, एक कोपरा खाली वाटला म्हणून पुन्हा सोडवून डकवला. मग बाजार, शाळा, दवाखाने, पुलाचे कठडे. पायांचे तुकडे पडले तरी तो थांबला नाही.

शनिवारी फोन आले. एकाने दादासारखा माणूस पाहिला होता, पण तो चाळिशीतला निघाला. एका बाईला नुसते कोणाशी तरी बोलायचे होते. रविवारी एकही फोन आला नाही. वहिनी फोन मांडीवर घेऊन बसली होती, अधूनमधून उचलून कानाला लावून पाहत होती, चालू आहे ना म्हणून. खिडकीतल्या डबीत गोळ्या तेवढ्याच होत्या.

सोमवारी दुपारी तो पुन्हा बसस्थानकावर गेला. फलक जागेवर होता, सुतात सरळ. समोरच्या टपरीतल्या चहावालीने त्याला उभा राहिलेला पाहिले आणि फडक्याला हात पुसत विचारले, "तुमचे कोण हे?"

"भाऊ. थोरला."

"सापडले नाहीत अजून? काय बाई तरी!" तिने न विचारता चहा ओतला. "एक म्हातारा इथे तीन दिवस बसून होता बघा, याच बाकावर. शुक्रवारपासून. आम्हाला आधी वाटलं, हाच. मी वर बघितलं, खाली बघितलं. त्या तिकीटवाल्यानेही बघितलं. पण नाही जुळलं. तुमचे भाऊ कसे ताठ, सलामी देणाऱ्या शिपायासारखे. तो बिचारा खांद्याला कान टेकवून बसलेला, जसं काही खांदा त्याला गुपित सांगतोय. आणि सारखा आपला मला विचारी, किती वाजले, किती वाजले."

ओळंब्याने पेला टपरीच्या फळीवर ठेवला.

"कोणत्या खांद्याला?"

तिने डावा खांदा थोपटला.

त्याने नखाने फलक सोडवला आणि पुन्हा सात अंश कलता करून खांबावर दाबून धरला. चहावालीची मान आपोआप तेवढीच कलली. मग तिने तोंडावर हात ठेवला.

"अगं आई गं. हाच की हो! हाच. तीन दिवस मी त्याला पाव देत होते. अहो, मग तुम्ही त्याला असा सरळ का लावला?"

"कुठे गेले?" एवढेच त्याने कसेबसे विचारले.

"काल दुपारी लांबच्या गाडीत चढला. आपणहून. मला वाटलं, आला वाटतं त्याचा माणूस."

घरी येऊन त्याने वहिनीला सगळे सांगितले. एक अक्षर लपवले नाही. ती बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही अकरा वर्षांचे होता. चौदा-चौदा तास त्या दुकानात मान वाकडी करून बसले हे, तुम्हाला चित्रकलेच्या शाळेत धाडायला. त्यांची मान वाकडी झाली म्हणून तुमच्या रेषा सरळ आल्या, भाऊजी. आणि तुम्ही तीच मान पुसलीत? मी सांगत होते. तेवढं एक राहू द्या म्हणत होते."

"चुकलं, वहिनी."

"चुकलं म्हणून काय होतंय? तीन दिवस आपल्याच फोटोखाली बसले होते ते."

तो तसाच छापखान्यात गेला. आता त्याने डोळ्यांखाली रेषा ओढली नाही. चेहरा होता तसा, झुकलेलाच ठेवला. मधोमध न ठेवता एका कडेला सारला आणि मान जिकडे कलते ती बाजू सगळी मोकळी सोडली, म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा त्या उताराने घसरत जावा. खाली एक ओळ वाढवली: मान डावीकडे कलते. किती वाजले, असे विचारतात. समतोल ढळला होता आणि तो ढळलेलाच हवा होता. ही विद्याही त्याला येत होती. नेमक्या वेळी ती सुचली नव्हती, एवढेच.

छपाईवाल्याने या वेळी थट्टा केली नाही. कागद हातात घेताच त्याची मान कलली, आणि तो म्हणाला, "हे दादा. आमच्या घरातलं घड्याळ यांनीच तर दुरुस्त केलेलं."

मंगळवारी त्याच लांबच्या मार्गाच्या पहिल्या गाडीने ओळंबा निघाला. चार तासांच्या वाटेत गाडी जिथे जिथे थांबली, तिथे तिथे तो उतरून फलक दाखवत गेला. माणसे बघत, माना कलत्या होत आणि नकारार्थी हलत. शेवटच्या थांब्यावर मात्र वाहकांच्या खोलीतल्या एकाने कागद पाहताच जेवणाचा डबा बाजूला ठेवला.

"रविवारी संध्याकाळी माझ्याच गाडीतून आले. उतरताना पायरी चुकली. डोकं आपटलं. आम्हीच इस्पितळात पोचवलं, सरकारी. जगले की नाही, ते नाही ठाऊक."

इस्पितळातला तो कक्ष लांबलचक होता, वीस खाटांचा. रंग उडालेल्या भिंती, प्रत्येक खाटेला पायथ्याशी एक पाटी. ओळंबा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि तसाच परत आला. दादा नव्हता. पुन्हा गेला.

"सिस्टर, रविवारी आणलेला म्हातारा माणूस... गेला का?"

परिचारिका तरुण होती, डोळे तांबारलेले. "नाव नसलेले दोनच आहेत, काका. नऊ नंबर आणि चौदा नंबर. बघितलेत ना?"

त्याने बघितले होते. नऊवर एक जाडजूड माणूस. चौदावर कपाळाला पट्टी बांधलेला, दाढी वाढलेला, गाल बसलेला कोणी म्हातारा, छताकडे सरळ तोंड करून बेशुद्ध पडलेला. "नाही. ते नव्हेत," तो म्हणाला आणि हातातला फलक तिच्यापुढे धरला, सवयीने धरायचा म्हणून.

तिची मान कलली. तिने खाली वाचले. मग वळून चौदा नंबरकडे बघितले, पुन्हा कागदाकडे.

"काका, इकडे या जरा."

म्हाताऱ्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना चादरीच्या घट्ट वळकट्या लावलेल्या होत्या. "हाड शाबूत आहे. पण मान सारखी एकीकडे पडायची, म्हणून डॉक्टरांनी सरळ ठेवायला सांगितलीय," असे म्हणत तिने डोक्याखाली हात घातला आणि डावीकडची वळकटी हलकेच काढून घेतली.

मान सावकाश कलली. किती कलते आणि कुठे थांबते, ते ओळंब्याला जन्मभर ठाऊक होते. ती नेमकी तिथेच थांबली. साऱ्या चेहऱ्याला एकदम दादाचा चेहरा आला. दाढीआड हनुवटी दिसली, डोळ्याजवळचा वळ दिसला. दोनदा तो या खाटेजवळून गेला होता. दोनदा.

त्याने लोखंडी कठडा धरला. "दादा," तो म्हणाला. पापणीही हलली नाही. श्वास तेवढा चालू होता, घोगरा आणि अडखळत.

"शुद्धीवर येतील?"

"साखर फार चढलीय. डॉक्टर काही सांगत नाहीत." तिने वळकटी उचलली. "काका, आता ही परत लावायला हवी. मान सरळच राहिली पाहिजे, तसं लिहून दिलंय."

ओळंब्याने तिचा हात धरला. परक्या मुलीचा हात आपण धरला आहे, हे त्याच्या ध्यानातच आले नाही.

"नको, सिस्टर. पाया पडतो तुमच्या. आत्ता नको. वहिनीला फोन करतो, ती साडेपाचपर्यंत इथे पोचेल. तिला यांना एकदा असंच बघू दे. सरळ केलं तर... सरळ केलं तर ओळखू येत नाहीत हो हे."

तिने घड्याळाकडे नजर टाकली. पाऊण वाजत होता.

"डॉक्टर सहाला येतात," ती शेवटी म्हणाली. "तोवर मी चौदा नंबरकडे बघितलेलं नाही." आणि वळकटी काखेत मारून पुढच्या खाटेकडे गेली.

ओळंब्याने वहिनीला फोन केला. मग स्टूल ओढून तो दादाच्या डाव्या अंगाला बसला, आणि जिथे वळकटी होती त्या रिकाम्या जागेत आपला तळहात उताणा ठेवला. दादाच्या डोक्याचे सारे वजन हळूहळू त्यात येऊन विसावले. भिंतीवरचे घड्याळ एका खिळ्यावर वाकडे लटकत होते. ते त्याला दिसले, आणि तो जागचा उठला नाही.