पडद्याकडे पाठ

नॉर्वेतल्या फुटबॉलच्या कपात एक पद्धत आहे, ती मला फार आवडली. सुरुवातीच्या फेऱ्यांत दुबळ्या संघाच्याच मैदानावर सामना होतो. मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या खेळाडूंनी बसमध्ये बसायचं आणि लहानशा गावात येऊन खेळायचं. हरला तो गेला, पुन्हा संधी नाही. माझी लेक तिथं समुद्रकाठच्या एका छोट्या गावात नोकरी करते आणि तिथल्या बायकांच्या संघात गोलकीपर आहे.

गेल्या वर्षी तो कप आम्ही नवराबायकोनं उंद्रीजवळच्या आमच्या वऱ्हाडी गावात, स्वयंपाकघरात बसून पाहिला, मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून. तिच्या क्लबचा एक म्हातारा मैदानाच्या कडेला कॅमेरा लावायचा. सामना चालू असेल तेवढाच वेळ दिसायचा, नंतर पाहायची सोय नव्हती. पहिली फेरी पोरींनी सहज मारली. दुसरीत पावसानं मैदानाचा चिखल झाला, लेकीच्या हातातून चेंडू निसटला, तरी शेवटी कशाबशा जिंकल्या. तिसऱ्या फेरीत राजधानीतला बलाढ्य संघ वाट्याला आला, आणि तो यांच्या गावात यायचा होता. हे ठरलं त्याच दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, हरलो तरी चालते. पण तुम्ही पाहजा. असा सामना मले पुन्हा भेटनार नाही."

मला एवढंच करायचं होतं. पाहायचं होतं.

पण बातमी गावात फुटली आणि आमचे गावपुढारी घरी आले. "सर, हे काय घरात बसून पाह्याची गोष्ट हाय? गावची पोरगी हाय. सभागृहात मोठा पडदा लावू." हा तोच गृहस्थ, ज्यानं लेक सातवीत असताना पोरींना गावच्या मैदानावर पाय ठेवू दिला नव्हता. पोरांच्या कबड्डीलाच जागा पुरत नाही म्हणायचा. माझी पोरगी शाळेमागच्या मुरमाड जागेत झेपा घ्यायला शिकली, कोपरं सोलून घेत. ते सगळं माझ्या ओठावर आलं होतं. पण म्हटलं जाऊ द्या, गाव पाहील तर बरंच आहे. मी हो म्हणालो.

सामना रविवारी होता, आपल्याकडच्या दुपारी साडेचारला. आम्ही वेळेआधी पोचलो. सभागृहात मंच, मंचावर पाहुण्यांच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या मागं भिंतभर पडदा. बायकोला खाली पहिल्या रांगेत बसवलं. मला वर नेलं, फेटा बांधला आणि बरोबर मधल्या खुर्चीत बसवलं. म्हणजे सगळ्या गावाचं तोंड पडद्याकडे आणि माझी पाठ. आमच्याकडे दहावीचा निकाल असो की बोअरवेलचं उद्घाटन, आधी सत्कार, मग प्रास्ताविक, मग ज्याचं त्याचं मनोगत, याशिवाय गाडी पुढं सरकतच नाही. पण सामना कुणाच्या भाषणासाठी थांबत नाही, हे त्या अख्ख्या मंचावर एकाच्याही डोक्यात येऊ नये?

साडेचार वाजले. भाषण ऐकू यावं म्हणून सामन्याचा आवाज बंद केला गेला. मी मान वळवली तर फेटा कानावर आला आणि शेजारच्या पाहुण्यानं माझा गुडघा दाबला. "सर, समोर पाहा. फोटो काढून राह्यले." पुढारी माइकवर होते. "पोरींले मैदान भेटलं पाह्यजे, हे म्या पयलेपासून म्हनत आलो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोलावं माणसानं, पण ज्याला ठाऊक आहे त्याच्या गळ्यात हार घालून बोलावं?

एकदम सभागृह उठलं. टाळ्या, शिट्ट्या. पुढाऱ्यांना वाटलं, आपल्यालाच. त्यांनी हात जोडले आणि नव्या जोमानं भाषण सुरू केलं. मी बायकोकडे पाहत होतो. ती खुर्चीतून अर्धी उठली होती, दोन्ही हात तोंडावर, डोळे भरलेले. लेकीनं काहीतरी मोठं केलंय, एवढं मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून मी माझ्या पोरीचा सामना पाहत होतो.

दोन तासांनी आभारप्रदर्शन उरकून खाली उतरलो तेव्हा पडद्यावर रिकामं मैदान होतं. मग म्हाताऱ्याचा हात कॅमेऱ्याजवळ आला आणि तेही गेलं. एका गोलानं हरल्या होत्या. "पेनल्टी अडोली तिनं," बायको म्हणाली. "पार कोपऱ्यातली. उजव्या हातानं."

घरी जाताना रस्ताभर मी सगळ्यांचा उद्धार केला. पुढाऱ्यांचा, गुडघा दाबणाऱ्याचा, खुर्च्या मांडणाऱ्याचाही. दारात पोचतो तोच लेकीचा फोन. अजून सामन्याच्याच तारेत बोलत होती.

"बाबा, पेनल्टी पाह्यली ना?"

"नाही बेटा. मले मंचावर बसवलं होतं. पडदा मांगं होता. सत्कार चालू होता माहा."

"तुमचा? कायचा सत्कार?"

"तुह्या खेळाचा."

रागावली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

"मंग उतरून खाली काऊन नाही आले, बाबा?"

मी फोन तिच्या आईकडे दिला.