पत्र्याच्या स्टँडसमोरचा नारळ

न मागता मैदान मिळालं, तेव्हाच मला संशय आला. अटलांटाजवळच्या आमच्या मराठी मंडळाने क्रिकेटसाठी जागा मागून मागून नाद सोडला होता. आणि आता गावचा अधिकारी स्वतःहून फोन करतो, या, बघून जा.

"फुकट कोण देतं, काका?" मी मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं.

"तुला पत्रकं वाटून वाटून सगळीकडे कट दिसतो. कधीतरी गप्प बस ना."

मैदान बेसबॉलचं, जुनं. कडेला गंजक्या पत्र्याचा प्रेक्षकांचा स्टँड. हंगाम सुरू करताना फोडतो तसा काकांनी नारळ फोडला. अधिकाऱ्याचा फोटोग्राफर हजर होता. रविवारी सकाळी, मैदान बघायला आलेल्या चार माणसांसाठी फोटोग्राफर?

समोरच्या घरातून एक कृष्णवर्णीय आजी आल्या. "कोणाला विचारून फोडलंत हे?"

त्यांचे वडील वर्णभेदाच्या काळात इथे काळ्यांच्या व्यावसायिक बेसबॉल संघात खेळले. गोऱ्यांचा संघ दौऱ्यावर गेला तरच गावचं मैदान भाड्याने मिळायचं, तेही कपडे बदलायच्या खोलीला कुलूप लावून. म्हणून खेळाडूंनी ही जागा स्वतः साफ केली. स्टँड वस्तीने उभारला. आता गावाला तो पाडायचा होता आणि वस्ती अडून बसली होती.

"म्हणून तुम्हाला आणलंय," आजी म्हणाल्या.

"मी तुमच्या बाजूने पत्रक काढते," मी म्हणाले.

"आधी नारळाचं सांग."

मी वाकून करवंट्या गोळा केल्या.

गावाच्या सभेत पडद्यावर आमचाच फोटो झळकला. नवे रहिवासी मैदान वापरू लागलेत, म्हणे, तेव्हा धोकादायक स्टँड हटवू. मी उठणार, इतक्यात काका उठले. काकांचं ग्रीन कार्ड अडकलेलं. सरकारी खोलीत तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा नियम.

"तो नारळ आम्ही न विचारता फोडला. चूक झाली. मैदान ज्यांचं, त्यांनी बोलावलं तर खेळू. स्टँड पाडून दिलेली जागा आम्हाला नको."

निर्णय पुढे ढकलला गेला. रद्द झाला असं कोणी म्हणालं नाही, हे मी नीट ऐकलंय.

बाहेर आजी काकांना म्हणाल्या, "शनिवारी स्टँड रंगवतोय. ब्रश तुमचे आणा."

"आणि खेळायचं?"

"आधी रंगवा. मग बघू."

त्यांचा आमच्यावर विश्वास बसलेला नाही. त्यांच्या जागी मी असते, तर ब्रशसुद्धा आणू दिले नसते.