सफूराआपांचा मार्च

सौदीतल्या दम्मामच्या आमच्या इमारतीत सफूराआपा आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात. मूळच्या रत्नागिरीजवळच्या साखरतरच्या. लग्न होऊन इथं आल्या त्याला तीसेक वर्षं झाली असतील. त्यांचे पती जमालुद्दीनभाई बंदरावर जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत आहेत. आपा घरीच कपडे शिवतात. इंडियन स्कूलच्या मुलींचे गणवेश, ईदेचे जोड, माझ्यासारख्यांचे ब्लाउज. मी सांगलीची, पहिल्यांदा माप द्यायला गेले आणि चहाला बसले, तेव्हापासूनची आमची ओळख.

आपा बोलायला मोजक्या. ओठांत टाचण्या धरून नुसतं ‘हं’ करतात. माप देता देता बायका मन मोकळं करतात, त्यामुळे अर्ध्या मोहल्ल्याची सुखदुःखं त्यांना ठाऊक असतात, पण या घरचं त्या घरी कधी गेलेलं मी पाहिलं नाही. स्वतःबद्दल तर त्या काहीच सांगत नसत. त्यांच्या मनातलं मला कळलं ते त्या मार्च महिन्यात, अदिबा घरी आली तेव्हा.

अदिबा त्यांची एकुलती एक मुलगी. इथल्याच शाळेत शिकली, नर्सिंगला मंगळूरला गेली, परत येऊन दम्मामच्या एका दवाखान्यात लागली. मग आयर्लंडमध्ये नर्सेसची भरती निघाली आणि ती गॉलवेला गेली. पश्चिम किनाऱ्यावरचं गाव, समोर थेट अटलांटिक. जमालभाईंना ते पसंत नव्हतं. आपा म्हणाल्या होत्या, “जाऊ दे. शिकली ती काय आपल्या उंबऱ्यात बसायला?”

तिचा फोन रोज दुपारी यायचा. आपा मशीन थांबवून फोन उभा करायच्या आणि पहिला प्रश्न ठरलेला. “काय गो, आज हवा कशी?”

“पाऊस, अम्मी.”

“अगो, मी साखरतरची. मला पाऊस सांगतेस?”

सुरुवातीला दोघी हसायच्या. अदिबा वर्णन करायची. तिकडे वादळांना माणसांसारखी नावं देतात, छत्री उघडली की वारा ती उलटी करून हातात देतो, बारीक पावसाच्या दिवसाला लोक ‘सॉफ्ट डे’ म्हणतात, जणू काही बिघडलेलंच नाही. धुतलेले कपडे हीटरवर वाळवले तरी ओलसर राहतात, कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरते. ऑक्टोबर गेला, डिसेंबर गेला, पाऊस चालूच. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला तिथले लोक म्हणाले, आजपासून वसंत. अदिबाने खिडकीतून फोन बाहेर धरला. समोर पिवळी फुलं गारांनी आडवी झाली होती.

“आपल्याकडे पाऊस चार महिने, पण जातो कधी ते ठाऊक असतं,” आपा मला म्हणाल्या. “हिच्याकडचा जायचं नाव घेईना.”

मग अदिबाचे फोन तोकडे झाले. ‘बिझी आहे, अम्मी’, ‘ड्यूटीवरून आले, झोपते’. एकदा मी तिथं बसले असताना ती म्हणाली, “आज ऊन आलं होतं. मी पेशंटची ड्रिप बदलत होते. वळून बघेपर्यंत गेलं.” आपांनी फोन जरा जवळ ओढला. त्यांनी विचारलं, “उद्या कशी आहे म्हणतात हवा?”

रमजान संपत आला तेव्हा अदिबा सुट्टी घेऊन आली. गालांची हाडं वर आली होती. जिन्यात भेटली तेव्हा मी म्हटलं, “ईदेला आलीस, छान केलंस.” ती म्हणाली, “ईद तर आहेच, आंटी. आय केम फॉर द सन. पंधरा दिवस फक्त उन्हात बसणार आहे.”

दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने गच्चीवर खुर्ची नेऊन ठेवली. पण आमच्याकडेही त्या हिवाळ्यात नेहमीपेक्षा जास्त पाऊस झाला होता आणि मार्चचं काही खरं नव्हतं. सकाळी आभाळ निळं, दुपारी पश्चिमेकडून धुळीची तपकिरी भिंत चालून यायची, मग वीज, गारा, आणि लगेच ऊन. या दिवसांत अशा अचानक उठणाऱ्या वादळांना इथले लोक सरायात म्हणतात. अदिबा आल्यावर तर ओळीने तीन दिवस धूळच होती. शाळा घरून भरू लागल्या. चौथ्या दिवशी पाऊस पडला, चौकातला बोगदा भरला आणि टँकर पाणी उपसत बसले. खुर्ची गच्चीवर एकटीच भिजत होती. अदिबा खिडकीशी बसून ते पाणी बघायची. हसायची नाही, रडायची नाही.

त्या संध्याकाळी इफ्तारला आपांनी मला आणि माझ्या नवऱ्याला वर बोलावलं होतं. खजूर, पन्हं, घावणे आणि मटणाचा रस्सा. सगळ्यांचं पहिलं पाणी पिऊन झालं, तेव्हा अदिबा ताटाकडे बघत म्हणाली, “अब्बा, मी परत नाही जात.”

जमालभाईंचा चेहरा उजळला. “खलास! मी काय म्हणत होतो? इथं दवाखाने काय कमी आहेत? मी उद्याच आमच्या कफीलशी, मालकाशी बोलतो, कुणाची तरी ओळख निघेल.” त्यांनी तिच्या पानात आणखी एक घावणा वाढला.

मी आपांकडे पाहिलं. एकुलती मुलगी घरी राहते म्हणतेय, त्या खूश होतील असं मला वाटलं होतं. त्या उठून रस्सा गरम करायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी अस्रची नमाज झाल्यावर एकदम अंधारून आलं. आपांनी ईदेसाठी शिवायचं कापड धुऊन गच्चीवर घातलं होतं. त्या धावल्या, मागून अदिबा, आणि जिन्यात गडबड ऐकून मीही. आम्ही वर पोचेपर्यंत टपोरे थेंब सुरू झाले होते. कापड गोळा झालं, पण गच्चीवर पाणी घोट्यापर्यंत चढत होतं. आठवड्याच्या धुळीने पाणी जायच्या भोकाची जाळी पार बुजली होती. हे पाणी तुंबलं असतं तर आपांच्या छतातून थेट मशीनवर उतरलं असतं.

आपांनी सलवार वर खोचली, खाली बसल्या आणि हाताने चिखल उपसायला लागल्या. अदिबा त्यांच्यासमोर बसली. मी एक जुना डबा आणला. चिखल, पिसं, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाचा तरी मोजा. अखेर जाळी मोकळी झाली आणि पाणी आवाज करत खाली निघालं. आम्ही उठलो. आपा मात्र पावसातच उभ्या राहिल्या. चेहरा वर केलेला, पण रोजा असल्यामुळे ओठ घट्ट मिटलेले.

“अम्मी, आत चला. आजारी पडाल,” अदिबा म्हणाली.

आम्ही जिन्याच्या पत्र्याखाली आलो. आपा पदरासारखी ओढणी पिळत होत्या. पिळता पिळता बोलायला लागल्या, आणि एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

“मी इथं आले तेव्हा वर्षभर आभाळातून थेंब पडला नाही. जून आला. तिकडे घरी कौलांवर पाऊस वाजत असेल, आणि इथं पांढरं ऊन. तुझे अब्बा कामावर गेले की मी न्हाणीत नळ सोडून आवाज ऐकत बसायची. पुढच्या जूनला मी साखरतरला गेले. जाताना यांना काही सांगितलं नाही, पण मनात होतं, आता परत यायचं नाही.”

अदिबा त्यांच्याकडे बघतच राहिली. “तुम्ही मला कधी बोलल्या नाहीत.”

“तुझ्या अब्बांनाही माहीत नाही. माझी आई म्हणाली, राहा. मी राहिले. पहिले काही दिवस तर वेड लागल्यासारखी पागोळ्यांखाली उभी राहायची. मग पावसाची सवय झाली. ओटीवर बसून मी विचार करायची, आता करू काय? तिथं मी कुणाची तरी लेक होते, आणि सगळ्यांना तेवढी पुरत होती. इथं मी शिवायला नुकतीच सुरुवात केली होती. चार बायका माझी वाट बघत होत्या. एकीचा फ्रॉक अर्धा कापलेला ठेवून मी गेले होते. तो फ्रॉक मला सारखा आठवायचा. गणपतीच्या सुमाराला मी परत आले.”

“म्हणजे मी जावं?” अदिबाने विचारलं. आवाज चढला होता.

“मी जा म्हणत नाही. राहाही म्हणत नाही. पण पावसाला भिऊन ठरवू नको. पाऊस इथंही आला की नाही तुझ्यामागोमाग?”

अदिबा एकदम म्हणाली, “इट्स नॉट द रेन, अम्मी.” पुढचं ती मराठीत बोलली. “लोक वाईट नाहीत. खूप गोड आहेत. लिफ्टमध्ये, बसमध्ये, वॉर्डात, सगळे माझ्याशी हवेबद्दल बोलतात. आज ओलं आहे ना, उद्या जरा उघडेल म्हणतात. बस. त्यापुढे कुणी जात नाही. आणि घरी येऊन फोन लावला की तुम्हीपण तेच विचारता.”

पत्र्यावर गारांचा ताशा वाजत होता. मला तिथून जावंसं वाटलं, पण बाहेर पाऊस आणि जिन्यात त्या दोघी.

आपा हळू आवाजात म्हणाल्या, “मला वाटायचं, जास्त विचारलं तर तुला रडू येईल. मग तू तिथं एकटी, कोण गप्प करणार? हवेचं विचारलं की तू बोलायचीस तरी.”

अदिबा खरोखरच रडली. आपांनी तिला जवळ घेतलं नाही, त्यांचे हात चिखलाने भरले होते. त्यांनी कोपराने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. गारा थांबल्या आणि समोरच्या इमारतींवर चक्क ऊन पडलं. आम्ही तिघी खाली उतरलो.

ईद झाली. अदिबाने सुट्टी वाढवून घेतली. त्या दिवसांत वरून मायलेकींचे आवाज यायचे, कधी हसण्याचे, कधी चक्क भांडणाचे. ती शाळेत असताना आपा तिच्या मैत्रिणींना घरी येऊ देत नसत, त्याचा हिशेब झाला. मंगळूरला तिला एक मुलगा आवडला होता, तेही निघालं. जमालभाई मध्येच खाली येऊन माझ्या नवऱ्याजवळ बसायचे. “वर वादळ आहे,” म्हणायचे.

शेवटी अदिबा परत गेली. विमानतळावर तिने वडिलांना सांगितलं की करार संपेपर्यंत बघते, मग ठरवते. तिथं गेल्यावर तिने एकटीची खोली सोडली आणि दोन केरळी नर्सेसबरोबर घर घेतलं. एप्रिलमध्ये तिकडेही एका दिवसात ऊन, गारा आणि इंद्रधनुष्य असं चालू होतं म्हणे, पण ते तिने जाता जाता सांगितलं. ऑगस्टमध्ये तिने आणखी एका वर्षाचा करार केला. जमालभाई दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

त्या वेळी आपा माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, “मी तिला जा म्हटलं नव्हतं, शालिनी. तरी वाटतं, मी फ्रॉकचं सांगितलं नसतं तर ती राहिली असती.”

“मग सांगायला नको होतं का?”

“सांगायला हवंच होतं,” म्हणाल्या. “पण त्याने माझं घर भरत नाही ना.”

ऑक्टोबरात अदिबाने आईला बोलावून घेतलं, नेमकं तिकडचा पाऊस सुरू होताना. आपा पहिल्यांदाच एकट्या विमानात बसल्या. जमालभाईंनी नाराजी दाखवायची म्हणून घरून निघताना बॅग उचलली नाही, आणि मग विमानतळावर ती कुणालाच उचलू दिली नाही.

त्या गेल्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी दार वाजलं. जमालभाई हातात पातेलं घेऊन उभे होते.

“भाभी, तांदूळ घेतले मी. पाणी किती घालायचं?”

मी पातेल्यात पाहिलं. एकट्या माणसाला चार दिवस पुरेल एवढे तांदूळ होते. मी म्हटलं, “पाणी मी घालते. तुम्ही बसा, इथंच जेवा.”

ते बसले. माझ्या नवऱ्याने पंखा लावला.