संध्याकाळी मुके होणारे फोन

आमच्या धाकट्या भाऊजींबद्दल लिहायचं तर सुरुवात त्यांच्या खिशांपासून करावी लागेल. शर्ट धुवायला टाकण्याआधी मी खिसे चाचपते, तेव्हा वायरींच्या टोकांना लावायच्या प्लास्टिकच्या पारदर्शक पिना निघतातच. डोळ्यांच्या एका दवाखान्यात ते नेटवर्कचं काम बघतात. इंटरनेटवरून चालणारे नवे फोन तिथे त्यांनीच बसवले. नेमणूक तात्पुरती होती आणि मुदत संपत आली होती. फोन नीट चालले तर कायम, नाहीतर नारळ.

आणि फोन काही चालेनात. म्हणजे दिवसा चालत. संध्याकाळ झाली की सगळा मजला मुका, कॉम्प्युटरही ठप्प. रात्रपाळीच्या नर्सबाई रोज बोंब मारत. भाऊजी सकाळी धावत जात, तर फोन आपले खणखणत असत.

"वहिनी, माझं तोंड बघितलं की शहाण्यासारखे वागतात!"

"मग तुमचा एक फोटो टांगून या तिथे," मी म्हटलं.

भाऊजी हसले नाहीत. तेव्हा मला काळजी वाटली.

त्यांनी मला समजावायचाही प्रयत्न केला. भिंतीतून एक वायर फोनला येते. फोनच्या पाठीत आणखी एक भोक असतं, तिथून दुसरी वायर कॉम्प्युटरला जाते. पण भिंतीतून येणाऱ्या त्या एकाच वायरीत बोलण्याचा रस्ता वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा. या सगळ्या वायरी स्विच नावाच्या पेटीत येतात. पेटीतल्या प्रत्येक पोर्टला, म्हणजे वायर खोचायच्या जागेला, हे दोन्ही रस्ते नेमून द्यावे लागतात.

"वायर एक आणि रस्ते दोन? मग धडकत नाहीत एकमेकांवर?"

"नाही ना. प्रत्येक रस्त्याला नंबर असतो."

"नंबर बरोबर दिलेत ना?"

"दहा वेळा बघितले!"

"मग अडलंय कुठे?"

"तेच तर कळत नाही, वहिनी!"

मला तर त्याहून कमी कळलं. जपाला बसले की नामाच्या मध्येच स्विच येऊन बसे. देवाने माफ करावं.

शुक्रवारी सासूबाईंना डोळे दाखवायला त्याच दवाखान्यात नेलं. आमचा नंबर शेवटचा लागला. भाऊजी आम्हाला घरी न्यायला काउंटरसमोर बाकावर बसले होते. एरवी ते पाचलाच निघतात. सोमवारी संचालकांना उत्तर द्यायचं होतं आणि उत्तर काही नव्हतं, त्यामुळे चेहरा उतरलेला.

काउंटरवरच्या बाईंना तिथे सगळे टापटीपबाई म्हणतात. त्यांनी टेबल पुसलं, लॅपटॉपची वायर काढली, लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग फोनमधून लोंबणारं त्या वायरीचं मोकळं टोक उचललं आणि भिंतीतल्या शेजारच्या रिकाम्या भोकात टच्चकन खोचून दिलं.

भाऊजी ताडकन उठले. "बाई, हे काय केलंत?"

"काय केलं? लोंबत ठेवू होय? कुणाचा तरी पाय अडकायचा. मी रोजच असं ठेवते, सकाळी आल्यावर काढते."

तेवढ्यात आतून हाक आली, "फोन गेला हो परत!"

"अरे, वायर त्या बाईने खोचली," सासूबाई म्हणाल्या, "तू कशाला पांढरा पडलास?"

घरी येताना भाऊजींनी उलगडा केला. फोनच्या दोन्ही वायरी भिंतीत गेल्या की स्विचने पाठवलेलं फोनमधून फिरून स्विचकडेच येतं, पुन्हा जातं, पुन्हा येतं. त्या गर्दीत दुसऱ्या कुणाला वाट मिळत नाही. असा फेरा दिसला की ते पोर्ट आपोआप बंद व्हावं, अशी सोय असते. भाऊजींनी रस्ते नेमले, ती सोय मात्र चालू केली नव्हती. रिकामी भोकंही चालूच ठेवली होती.

"म्हणजे चूक बाईची. सांग जाऊन," सासूबाई म्हणाल्या.

"आई, बाईंनी आवराआवर केली. भोक चालू कुणी ठेवलं?"

"तू. पण ते त्या साहेबाला कुठे ठाऊक आहे?"

सोमवारी संचालकांनी विचारलंच, कुणामुळे झालं म्हणून. भाऊजी म्हणाले, "माझं काम अर्धवट राहिलं होतं. आता पुरं केलंय." टापटीपबाईंचा विषयही काढला नाही. संचालकांनी कायम केलं नाही. आणखी सहा महिने तात्पुरतंच ठेवलं.

सासूबाई भांडी आदळत म्हणाल्या, "खरं सांगितलं असतंस तर जीभ झडली असती?"

"खरंच सांगितलं की."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तूच सांग, कोणाचं बरोबर?"

मी काय सांगणार? नाव घेतलं असतं तर कदाचित बाईंना नुसतं हसून सोडलं असतं आणि भाऊजी कायम झाले असते. कदाचित बाईच घरी बसल्या असत्या. दिवा लावून हात जोडले. भाऊजींना थोडा व्यवहार शिकव म्हणावं, की आहेत तसेच राहू देत म्हणावं, हेच ठरेना. शेवटी काही न मागताच उठले.