नातीचं उष्टावण आणि माझं शुगर फ्री

शाळेत मी गेलोय, नाय असं नाय. कौलं परतायला. इंग्रजी काय ऐकलं ते छपरावरून. त्यामुळे पुढचं सगळं झालं.

नातीचं उष्टावण ठरलेलं. पहिला घास तिच्या मामाचा, दुसरा माझा, हे मी आधीच सांगून ठेवलेलं. लेकाला भरवलेलं तसंच हिला भरवणार होतो. भात आधी आपल्या तोंडात मऊ करायचा, मग पोराच्या तोंडात.

सूनबाई देवरूखला दातांच्या डॉक्टरकडे कामाला. ती म्हणाली, "बाबा, तसं नाय हां. तुमच्या तोंडातले जंतू तिच्या तोंडात जातील. उद्या दात आले की तेच किडवतील."

"माझे जंतू घरचेच आहेत गो."

"घरच्यांनीच तुमचे अर्धे दात खाल्ले ना?"

मी तोंड पाडून बसलो. तिला दया आली असेल. दुसऱ्या दिवशी तिनं च्युइंगगमचं पाकीट आणलं, कडुनिंब नि बाभळीच्या सालीचा अर्क घातलेलं. म्हणाली, "जेवलात की चघळा. लाळ सुटते, तोंड धुतलं जातं, अर्कानं जंतूही जरा कमी होतात. आणि शुगर फ्री आहे."

शेवटचं तेवढं मी मनावर घेतलं. फ्री म्हणजे मोकळीक. हे चघळलं की साखर खायला मोकळीक. मग काय, रोज च्युइंगगम आणि आंबापोळी, दोन्ही एकाच तोंडात. शेवटी कुठलं गिळायचं नि कुठलं थुंकायचं ते कळेना. एकदा आंबापोळी थुंकली नि च्युइंगगम गिळलं.

ते सूनबाईनं बघितलं. कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, शुगर फ्री म्हणजे त्यात साखर नाय. साखर हे जंतूंचं जेवण. त्यांना उपाशी ठेवायचं, तर तुम्ही पंगत घातलीत."

मला वाटलं, गेला आपला घास. हळूच विचारलं, "सगळे मरायला किती चघळू?"

"सगळे कधीच मरत नाहीत. तिचा चमचा वेगळा ठेवा, त्याला तोंड लावू नका. घास तुमचाच आहे."

उष्टावणाला मी भातावर फुंकरसुद्धा मारली नाय, पुठ्ठ्यानं वारा घातला. पोरीनं घास घेतला, तोंडात घोळवला, मुठीनं बाहेर काढला नि तो लाळेचा भात सरळ माझ्या तोंडात कोंबला.

मी सूनबाईकडं बघितलं.

"गिळा आता," ती हसत म्हणाली. "त्या बाजूनं चालतं."

गिळला. त्या दिवशी जेवणानंतर च्युइंगगम काय चघळलं नाय.